पाणी उपसायला आलेलं ऑइल

सांगली-साताऱ्याकडं ऑइल आधी विहिरीवर आलं, रस्त्यावर नंतर. मोटारी वाढल्या म्हणून ऑइलची दुकानं निघाली, असा पुण्या-मुंबईकडच्या लोकांचा समज असतो. आमच्या दुकानाच्या जुन्या वह्या उघडल्या तर मोटारवाल्यांची नावं शोधून काढावी लागतात. बाकीची खाती मळेवाल्यांची, गुऱ्हाळवाल्यांची, हळदीला पॉलिश करणारे ढोल फिरवणाऱ्यांची. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सांगलीच्या वखारभागात हे दुकान थाटलं आणि त्यांच्यामागं ते मी चालवते.

हल्ली जुन्या गाड्या हौसेनं सांभाळणारी तरुण मुलं दुकानात येतात. आजोबांची, नाहीतर कुणाकडून तरी घेतलेली परदेशी गाडी असते, तिला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतो आणि प्रश्न ठरलेला: ‘‘ताई, याचं जुनं ऑइल काढावं का? काढलं की गिअरबॉक्स बसतो म्हणे.’’ हे ‘म्हणे’ आपल्या भागात कुठून आलं, ते बघायचं तर विहिरीपासूनच सुरुवात करावी लागते.

इंजिनाआधी मोट होती. मोटेच्या चाकाला आणि बैलगाडीच्या आखाला लागणारं वंगण घरीच व्हायचं. एरंडेल किंवा करंजाचं तेल आणि त्यात जाळलेल्या चिंध्यांची राख. प्रत्येक घराची रीत थोडी वेगळी. ते बांबूच्या नळ्यात भरून गाडीखाली टांगायचं. चाक करकरायला लागलं की जुन्यावरच नवं चोपडायचं. जुनं वंगण काढून टाकायचं, ही कल्पनाच शेतकऱ्याच्या डोक्यात नव्हती. जुन्याला चिकटूनच नवं काम करतं, असाच हिशेब. तेल खर्चून आणलेलं, ते फेकायचं कशाला?

ही सवय मोडली कारखान्यांनी. १९१० साली औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिला आणि तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगरानं जमीन नासते असं म्हणणाऱ्या शेतकऱ्यांना नांगर विकत विकत हा कारखाना पुढं पंपांवर गेला. तिकडं सातारा रोड स्टेशनजवळ १९२२ साली धनजीशा कूपर यांनी कारखाना काढला. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते. त्यांच्याकडंही आधी नांगर आणि पुढं डिझेल इंजिनं. १९४० साली हा कारखाना वालचंद हिराचंद यांच्याकडं गेला. १९४६ साली किर्लोस्करांची ऑइल इंजिनांची स्वतंत्र कंपनी पुण्याजवळ खडकीत निघाली. लिस्टर, पेटर, रस्टन ही विलायती नावं घेणारा मळेवाला हळूहळू किर्लोस्कर आणि कूपर म्हणायला लागला. कृष्णेकाठी, वारणेकाठी इंजिनांचा ठोका सुरू झाला. पाणी उपसायचं म्हणून ऑइल आमच्या भागात आलं ते असं.

अण्णा सातारा रोडला फिटर होते. इंजिनं विकली जायची, पण ती वापरायची कशी हे सांगायला माणूस लागायचा. तो माणूस म्हणून ते खेडोपाडी हिंडले आणि मग सांगलीत स्थिरावले. त्यांचं पहिलं काम विक्रीचं नव्हतंच, ते होतं मळेवाल्याला इंजिनाच्या ऑइल-चेंबरचा नट खोलायला लावायचं. इंजिन बंद केल्या केल्या, गरम असतानाच नट खोलायचा, कारण गाळ तेव्हा तरंगत असतो. गार झालं की तो तळाला धरतो. सगळं ऑइल घमेल्यात निथळू द्यायचं, शेवटचे थेंब पडेपर्यंत. मग नवं. मळेवाल्याचा जीव तुटायचा. ‘‘अजून चिकट आहे की हो,’’ म्हणायचा. अण्णा त्याची बोटं त्या ऑइलात बुडवून अंगठ्यावर चोळायला लावायचे. खर लागली की ती खर इंजिनाची आहे, हे त्याला आपोआप कळायचं.

काळं झालं म्हणजे ऑइल संपलं, हा दुसरा गैरसमज. डिझेल इंजिनात नवं ऑइल थोड्याच वेळात काळं पडतं. काजळी धरून ठेवायची द्रव्यं त्यात घातलेलीच असतात आणि ती काम करत असल्याची ती खूण आहे. बदलायचं ते तासांवर. मळ्यावर तास मोजायला घड्याळ कुठलं? अण्णांनी उसाच्या पाळ्यांवर हिशेब बसवून दिला. इतक्या पाळ्या पाणी दिलं की ऑइल. त्यांच्या वहीत गिऱ्हाइकाच्या नावापुढं तारीख आणि पाळ्याच लिहिलेल्या सापडतात, किलोमीटर नाहीत.

काढलेलं काळं ऑइलही वाया जायचं नाही. बैलगाडीचा आख, वाळवी लागलेली चौकट, गोठ्याचा खांब, सगळीकडं ते चोपडलं जायचं. स्लॅबचे दिवस आले तसे सेंट्रिंगवाले प्लेटांना लावायला डबे घेऊन यायला लागले. आज वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं आणि परवाना असलेल्या शुद्धीकरणवाल्यालाच द्यावं लागतं. त्या काळी असला विचार कुणाच्या मनात नव्हता.

आता रस्ता. पुण्याहून मिरजेकडं रेल्वे होती, पण महाबळेश्वरला जायचं तर वाठार स्टेशनला उतरून पुढचा घाट गाठावा लागे. तिथं टांग्यांच्या पाठोपाठ सर्व्हिस मोटारी आल्या. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि पुढं एसटीचा पसारा राज्यभर झाला. १९५४ पासून जमशेदपूरला टेल्कोचे ट्रक बाहेर पडायला लागले. करार डाइमलर-बेंझशी, म्हणून पुढं तीन टोकांची चांदणी. पुणे-बेंगलोर रस्त्यावर, साताऱ्याच्या पोवई नाक्यापासून कराडपर्यंत, मिस्त्री लोकांना ही चांदणी पाठ झाली. मर्सिडीज मोटार आमच्याकडं कुणी बघितली नव्हती तेव्हा ‘बेंझ’ म्हणजे उसाचा आणि साखरेच्या पोत्यांचा ट्रक होता.

या सगळ्या वाहनांना गिअर हातानंच टाकावे लागत. वालचंदांच्या प्रीमियर कंपनीनं कुर्ल्याला १९४७ पासून डॉज, डिसोटो, प्लिमथ बांधल्या, पुढं फियाट आली. त्या फियाटला आणि अ‍ॅम्बॅसॅडरला स्टिअरिंगजवळचा हँड गिअर. गिअरबॉक्सात दाट ऑइल. आमच्या धंद्यात ते ‘नव्वद नंबर’. मधासारखं ओघळणारं, वर्षानुवर्षं न बघितलं तरी चालणारं. मिस्त्री फक्त पातळी बघायचे, कमी असेल तर वरून भरायचे. म्हणजे इंजिनाचं ऑइल बदलायला शिकलेला माणूस गिअरबॉक्सच्या बाबतीत पुन्हा बैलगाडीच्या रीतीवर गेला. मुलांच्या प्रश्नातलं ‘म्हणे’ इथून निघालं, असं माझं मत आहे.

अमेरिकेत गोष्ट वेगळी होती. जनरल मोटर्सनं १९३९ साली १९४० च्या ओल्ड्समोबिलसाठी हायड्रामॅटिक जाहीर केला. क्लचचं पेडल गेलं, गिअर आपोआप पडायला लागले. १९५० साली शेवरोलेला पॉवरग्लाइड मिळाला आणि साध्या घरातली गाडीही ऑटोमॅटिक झाली. या गिअरबॉक्सचं ऑइल पातळ, आणि गळती इंजिनाची की गिअरबॉक्सची हे ओळखू यावं म्हणून लाल रंगवलेलं. १९४९ साली त्याचं ‘टाइप ए’ हे पहिलं प्रमाण ठरलं, १९६७ साली डेक्सरॉन आलं. त्यात घर्षण नेमकं राखण्यासाठी स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल असायचं. १९७० नंतर अमेरिकेनं त्या तेलाची आयात बंद केली, तेव्हा रसायनवाल्यांना पर्याय शोधावा लागला आणि १९७३ च्या सुमारास डेक्सरॉन-टू बाजारात आलं. सातासमुद्रापलीकडचा मासा आणि सांगलीचं दुकान यांचा संबंध आला नाही, कारण तोवर आमच्याकडं अशी गाडीच नव्हती. जनरल मोटर्सचा मुंबईतला शिवडीचा कारखाना १९२८ ला सुरू होऊन १९५४ ला बंद झाला. पुढं सरकारी धोरणानं परदेशी मोटारींची वाट अडवली, आणि देशी गाड्यांना ऑटोमॅटिकची चैन परवडणारी नव्हती.

गिअर न टाकता पळणारं वाहन सांगलीकरानं आधी चालवलं ते दोन चाकांचंच. तशी स्कूटर म्हणजे १९८४ नंतरची कायनेटिक होंडा. त्याआधी घरोघर साताऱ्याची प्रिया. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्समध्ये बनलेल्या या गाडीच्या इंजिनाचं ऑइल पेट्रोलातच मिसळायचं. ते जळून धूर व्हायचं, त्यामुळं काढायचा प्रश्नच नाही. एका पिढीनं इंजिनाचं ऑइल फक्त ओतलं, काढलं नाही.

या काळात आमच्या पाटीवरची नावं मात्र सारखी बदलत होती. एस्सो १९७४ साली हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये गेली, बर्मा-शेल १९७६ साली सरकारी होऊन पुढं भारत पेट्रोलियम झाली, कॅलटेक्स १९७८ साली हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये मिसळली. मध्येच इंडियन ऑइलचं सर्व्हो आलं. पेंटर तोच, पाटीही तीच, रंगाचे थर वाढत गेले. ऑइल बॅरलमधून हातपंपानं सुटं विकायचं. गिऱ्हाइकानं डबा आणायचा, आम्ही माप लावायचं. गॅलनची मापं जाऊन लिटरची आली, तरी जुने मळेवाले बरीच वर्षं गॅलननंच मागत होते.

लाल ऑइल दुकानात आलं ते मिरजेमुळं. वानलेस हॉस्पिटलपासून मिरज डॉक्टरांचं गाव, त्यातले काही नोकरीसाठी आखातात गेले. परत येताना कायमचं बिऱ्हाड हलवणाऱ्याला वापरलेली मोटार आणायची सवलत असे. अशाच एका डॉक्टरांनी मर्सिडीज आणली, १२३ म्हणून ओळखलं जातं ते मॉडेल, डिझेल आणि ऑटोमॅटिक. गाडी शंभर फुटी रोडच्या एका गॅरेजात आली. तिथले उस्ताद, सगळे त्यांना चाचा म्हणायचे, ट्रकच्या बेंझवर वाढलेले. चांदणी ओळखीची, पण खालचा गिअरबॉक्स अनोळखी. चाचांनी माणूस पाठवून विचारलं, ‘‘ताईंना म्हणावं, लाल ऑइल आहे का?’’ नव्हतं. मुंबईहून मागवलं.

ते आलं त्या दिवशी मी स्वतः डबे घेऊन गेले, कारण मलाही बघायचं होतं. खड्ड्यावर गाडी घेतलेली. चाचांनी चेंबरचा नट अ‍ॅलन कीनं खोलला. लाल नव्हे, चहाच्या चोथ्याच्या रंगाचं ऑइल घमेल्यात पडलं. ते बोटावर घेऊन त्यांनी आधी नाकाला लावलं. या गिअरबॉक्सची परीक्षा नाकानं करायची असते. काळपट रंग वयाचा असू शकतो, जळका वास मात्र क्लचच्या प्लेटांचाच. वास बरा होता. मग त्यांनी ऑइल मोजलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. गाडीच्या पुस्तकातल्या हिशेबानं गिअरबॉक्सात सहा-सात लिटर असायला हवं, निघालं त्यापेक्षा बरंच कमी. उरलेलं गेलं कुठं?

ते होतं कन्व्हर्टरमध्ये. ऑटोमॅटिक गाडीत क्लचच्या जागी हा बंद डबा असतो. इंजिनाकडचं इंपेलर ऑइल फेकतं, समोरचं टर्बाइन त्या माऱ्यानं फिरतं, आणि चाकांकडं ताकद जाते. इंपेलर म्हटल्याबरोबर चाचा हसले. पाण्याच्या पंपाची इंपेलरं त्यांनी आयुष्यभर खोलली होती. ‘‘म्हणजे हा पंपच आहे की, पाण्याच्या जागी ऑइल.’’ या गाडीच्या कन्व्हर्टरला स्वतंत्र नट आहे, पण तो बाहेरच्या घराला ठेवलेल्या खिडकीसमोर यावा लागतो. पोऱ्यानं पुढून पुली पान्यानं थोडी थोडी फिरवली, चाचा खालून टॉर्च धरून बसले. नट खिडकीत आला, खोलला, आणि राहिलेलं ऑइल निघालं.

खालचं पॅन उतरवलं तेव्हा तळाला करडा, बारीक, मऊ चिखल होता. चाचांनी तो पांढऱ्या कागदावर पसरून उन्हात धरला. चकाकणारे कण नाहीत, म्हणजे गिअर शाबूत. मऊ चिखल म्हणजे प्लेटांची रोजची झीज. फिल्टर नवा, गॅस्केट नवं, बोल्ट बेतानं आवळलेले, कारण घर अ‍ॅल्युमिनियमचं. आधी चार लिटर भरून इंजिन चालू केलं, मग थोडं थोडं भरत पातळी आणली. गिअरची दांडी प्रत्येक खाचेत क्षणभर थांबवत फिरवली. खरी पातळी गाडी फिरवून आणून, गरम ऑइलात, इंजिन चालू ठेवूनच बघितली. इंजिनाचं ऑइल आपण इंजिन बंद करून बघतो, इथं उलटं. या एका फरकानं पुढं किती गाड्यांत जास्त ऑइल ओतलं गेलं असेल, सांगता येत नाही.

ज्या गाड्यांच्या कन्व्हर्टरला नट नसतो, त्यांच्यासाठी चाचांनी पुढं दुसरी रीत बसवली. गिअरबॉक्समधून ऑइल गार होण्यासाठी रेडिएटरकडं जातं, तिथून परत येणारी नळी सोडवायची आणि डब्यात धरायची. इंजिन चालू करायचं, म्हणजे गिअरबॉक्सचा पंप जुनं ऑइल बाहेर टाकतो. लिटरभर आलं की इंजिन बंद, वरून लिटरभर नवं. असं नळीतून लाल येईपर्यंत. पंप कोरडा पडू द्यायचा नाही, एवढं एकच पथ्य.

मग ‘ऑइल काढलं की गिअरबॉक्स बसतो’ याचं काय? असे गिअरबॉक्स मी बघितलेत. पण त्यांचे मालक ऑइल बदलायला केव्हा आले, ते वहीत लिहिलेलं आहे: गिअर घसरायला लागल्यावर, गाडीनं चढाला जोर न धरल्यावर. प्लेटा तोवर झिजलेल्या असतात. नव्या ऑइलानं आतला चिकटलेला गाळ सुटून बारीक वाटांत अडकतो हेही खरं, म्हणून फार वर्षं न बदललेल्या गाडीला दाबाच्या मशीननं धुऊ नये, थोडं थोडं बदलावं. पण बहुतेक वेळा मरणाच्या दारातल्या गिअरबॉक्सला शेवटचं औषध म्हणून ऑइल दिलेलं असतं आणि आळ ऑइलावर येतो.

ही सगळी विद्या एकदम कामाला लागली ती ऑगस्ट २०१९ मध्ये. २००५ चा पूर आम्ही बघितला होता आणि पाणी त्यापुढं जाणार नाही असं गृहीत धरून बसलो होतो. आयर्विन पुलाजवळ चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. त्या वेळी कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली. हरभट रोड, मारुती रोड, गावभाग, खणभाग, सगळीकडं पाणी दिवसचे दिवस उभं. पाणी उतरलं तेव्हा शंभर फुटी रोडला टो करून आणलेल्या गाड्यांची रांग लागली. चाचा थकले होते, गॅरेज त्यांचा मुलगा बघत होता. चाचा खुर्चीवर बसून एकच गोष्ट सांगत होते: किल्ली फिरवू नका.

कारण असं: इंजिनाच्या चेंबरमध्ये शिरलेलं पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाला बसतं. नट सैल केला की आधी नदीचं गढूळ पाणी, मग ऑइल. ऑटोमॅटिकमध्येही वाफ जायच्या भोकातून आणि डिपस्टिकच्या नळीतून पाणी शिरलं होतं. गाडी चालू केली नसेल तर ते वेगळं राहतं. चालू केली की कन्व्हर्टर दोन्ही घुसळतो आणि गुलाबी दूध तयार होतं. क्लचच्या प्लेटांवरचं अस्तर कागदी जातीचं, ते पाणी पितं आणि त्याचा गोंद सुटतो. म्हणून घाई. भरायचं, गाडी जॅकवर ठेवून फिरवायची, काढायचं, पुन्हा भरायचं, नळीतून स्वच्छ लाल येईपर्यंत. नव्या गाड्यांपैकी कितीतरी विम्यात निकालात निघाल्या. जुन्या, हौसेच्या गाड्यांना तसा विमा नव्हता, त्यांना धुवावंच लागलं. लाल ऑइल तेवढं खपलेलं मी ना आधी बघितलं होतं, ना पुढं. शेतात पाणी चढवायला ज्या नदीकाठी ऑइल आलं, त्याच नदीचं पाणी आम्ही तेव्हा ऑइलातून काढत होतो.

त्या रांगेत एक फरक उघडा पडला. जुन्या गाडीचा मालक बॉनेट उघडायचा, गिअरबॉक्सची डिपस्टिक ओढायचा आणि जागेवरच सांगायचा: लाल आहे, नाहीतर गुलाबी आहे. नव्या गाड्यांतल्या बऱ्याच गिअरबॉक्सना डिपस्टिकच नाही. हे ऑइल बदलायची गरज नाही असं गृहीत धरून ती काढून टाकलेली. पातळी बघायची तर गाडी लिफ्टवर, ठरावीक तापमानाला आणून, बाजूचा नट खोलून. पुराच्या चिखलात हे कोण करणार? आत काय आहे हे कळायला त्या मालकांना आठवडे थांबावं लागलं.

म्हणून आजोबांची गाडी घेऊन येणाऱ्या मुलांना मी सांगते ते असं. जुनं ऑइल काढा, त्याला घाबरू नका. आधी वास घ्या, मग पॅन उतरवून तळ बघा. फिल्टर बदला. कन्व्हर्टरला नट आहे का ते शोधा, नसेल तर नळीची रीत. डब्यावर आणि गाडीच्या पुस्तकात एकच प्रमाण लिहिलंय ना, ते बघा. लाल आहे म्हणून कुठलंही लाल चालत नाही. तारीख वहीत लिहा. आणि आयर्विन पुलाजवळ पाणी चाळीस फुटांवर गेल्याचं कळलं की आधी गाडी विश्रामबागेच्या वरच्या अंगाला नेऊन लावा. ऑइलचं काय ते पाणी ओसरल्यावर बघू.